मसाल्यातला म

वाडी नाक्यावर, टायरवाल्याला लागून
माझं दुकान: एक प्लॉटर, एक हेअर ड्रायर,
बुडबुडे काढायला बाद झालेलं एटीएम कार्ड.

कुंदाबाई पराते सेकंडहँड व्हॅन घेऊन आल्या.
"यावर सारं लिहा, भाऊ.
काळा मसाला, पापड, मुंगवड्या,
गणपती, पत्ता, दोन्ही नंबर,
अन् यायचा फोटो. मोठा."
पिशवीतून निघाला लग्नातला, कोपरा दुमडलेला.

मी म्हणालो, ताई, अजनी चौकात
मागच्याला मिळतात तीन सेकंद.
तेवढ्यात माणूस एकच गोष्ट वाचतो,
सिग्नल सुटला तर तीही अर्धी.
आणि चाळीसच्या स्पीडला चेहरा म्हणजे
नुसता डाग.

हा शब्द बोलायला नको होता.

रात्री पिवळ्यावर काळं लावलं, हातभर उंच:
पराते मसाले.
सकाळी त्यांनी पुढचं डावं दार उघडलं
आणि "पराते म" दारासोबत गेलं.
उरलं फक्त
साले.

टायरवाला पाना टाकून हसत बसला.
मी मान खाली घातली.
कुंदाबाई बराच वेळ बघत राहिल्या.
"हे तं यायचंच बोलणं झालं, बाप्पा.
उठता साले, बसता साले.
तिखट कमी पडलं, साले."

मे महिना. ड्रायर लागलाच नाही,
उन्हानंच गोंद सोडला.
आता अख्खं नाव सरकत्या दारावर,
एकही अक्षर फटीत नाही. खाली एकच नंबर.

फोटो त्याच दाराच्या आतल्या अंगाला,
पोती उतरवताना दिसेल इतक्या उंचीवर.
बिलात तो धरला नाही.