जेवलास?

दाबके फोनवर विचारतात, यंत्र कुठाय?
तुमची नायिका शंभर वर्षं मागं जाते,
पण जाते कशी? वाचकाला काहीतरी हवं,
आरसा, विहीर, निदान एखादं बिघडलेलं घड्याळ.
मी म्हणते, बघते.
पुण्यात तेव्हा साडेदहा वाजलेले असतात,
इथं सूरमध्ये नऊ.
दीड तास मागं तर मी रोजच राहते,
त्याला कुणी कादंबरी म्हणत नाही.

सरकारी इस्पितळाच्या तळघरात
मी फायली लावते.
प्रत्येक फायलीवर दोन तारखा,
एक माझी, एक चंद्राची,
मध्ये पावणेसहाशे वर्षांची फट.
तिच्यात बोट घालून मी रोज पान उलटते,
तरी सुचत नाही.

सुट्टीच्या दिवशी गलबतं बांधतात तिथं जाऊन बसले.
सागाच्या भुश्शाचा वास, लाकूड आपल्याकडचं, खिळे इथले.
वहीत लिहिलं, 'तिने डोळे मिटले आणि'
आणि काही नाही.
समोर तोच सुतार, मोबाइलवर क्रिकेटचा स्कोअर बघत.
मागच्या तिन्ही कादंबऱ्यांत मी वीज पाडली आहे.
चौथ्यांदा बोलावलं तर वीजसुद्धा येत नाही.

मग बुधवारी हमूद बिन खमीस यांची फाइल हरवली.
वॉर्डात वर गेले, जन्मसाल त्यांनाच विचारायला.
नव्वदीचे असतील. म्हणाले,
ज्या वर्षी दोन गलबतं परत आली नाहीत, त्या वर्षी.
रकान्यात ते बसेना.
शीजा सिस्टर सलाईन बदलत होती.
म्हाताऱ्यानं मला नीट निरखलं. हिंदिया?
म्हटलं, हो. कोकणातली.
आणि ते एकदम, स्वच्छ, म्हणाले,
जेवलास?

मी मागं वळून बघितलं.
खोलीत पुरुष असा दुसरा कुणी नव्हता.

अर्थ त्यांना माहीत नव्हता.
मोडकी हिंदी, मोडकी अरबी, मध्ये शीजा,
एवढं कळलं की शब्द बाबांचा.
बाबा तरुणपणी सागवान आणायला गेले,
डोलकाठी मोडली,
जयगडच्या खाडीत दोन महिने पडून राहिले.
परत आले ते हा शब्द घेऊन.
घरात कुणी रुसलं की म्हणायचे, जेवलास?
दूर शीड दिसलं की म्हणायचे, जेवलास?
शेवटी शेवटी, भिंतीला.
आईला तो शब्द आवडायचा नाही.
का, ते तिनं कधी सांगितलं नाही.

लास.
लीस नाही, लात नाही.
म्हणजे विचारणारं कुणीतरी होतं,
त्याला अरे म्हणण्याइतकं जवळचं,
आणि रोज विचारत होतं,
नाहीतर परक्या जिभेवर प्रत्यय इतका घट्ट बसत नाही.
बांगड्याचं तिखलं, तांदळाची भाकरी,
पडवीच्या खांबाआडून आलेला आवाज.
नाव? कुणाला ठाऊक.
बंदराच्या दप्तरात ओंडके मोजलेले असतील,
हे नाही.

दाबके, यंत्र सापडलं.
लहान आहे, दोनच अक्षरांचं,
त्याला वीज लागत नाही,
धातूला जोडलं की चालू होतं.

पण हे मी त्यांना अजून कळवलेलं नाही.
खरं सांगायचं तर त्या क्षणी
कादंबरीचं मला सुचलंच नाही.
म्हातारा उत्तराची वाट बघत होता,
मान थोडी पुढं, ऐकू येणारा कान माझ्याकडं.
त्याला जन्मात कुणी उत्तर दिलं नसणार,
त्याच्या बाबांनाही, या किनाऱ्यावर, कुणी नाही.
मी चूक दुरुस्त केली नाही.
माझा दुपारचा डबा खाली तळघरात तसाच बंद होता,
आणि मी म्हटलं,
जेवलो.