माळ पुरी होऊ दे

बावीस वर्षं म्हार्दोळात दारोदार पिग्मी गोळा करतो मी.
कुणाचे पन्नास, कुणाचे वीस, पावती फाडून हातात.
पिशवीची चेन कधीच बिघडली, तिथे सेफ्टी पिन.
पिन दिसली की लोक म्हणतात, बँक आली.

परवा सुलक्षा फुलकारीण म्हणाली,
बाबुसो, तुझ्या बँकेतून फोन आलेला.

तिन्हीसांज होत होती,
जायांच्या कळ्या उमलायच्या आत ओवायच्या,
पायाच्या अंगठ्याला केळीचा वाख,
दोन्ही हात गुंतलेले.
नातवाने फोन टोपलीच्या काठाला टेकवला,
स्पीकर लावला आणि खेळायला पळाला.

आवाज साखरेचा. हिंदीत. मॅडम म्हणाला.
पासष्ट वर्षांत तिला पहिल्यांदा कुणी मॅडम म्हणालं.
नाव बरोबर, खात्याचे शेवटचे चार आकडे बरोबर.
केवायसी संपलीय, आज रात्री खातं बंद.
आता एक ओटीपी येईल, तेवढा वाचून दाखवा.

टुंग करून आलाही.

थांब पुता, माळ पुरी होऊ दे.
मॅडम, दोनच मिनिटं आहेत.
अरे, गाठ मारल्याशिवाय सोडली तर सगळी सुटते.
मॅडम, पैसे जातील!
जातील कुठे? बँकेतच आहेत ना?

मग साखर संपली.
पोलीस म्हणाला, दंड म्हणाला,
शेवटी एक शिवी, ती मात्र अगदी शुद्ध.

तेव्हा मला कळलं, बाबुसो.
बँकेत मी किती खेपा घातल्या.
पासबुकाचं मशीन बंद,
शिक्केवाला जेवायला गेलेला,
सही जुळत नाही, सोमवारी या.
बँकेने मला जन्मात कधी घाई केली नाही.

मी हसलो. आमच्याच बँकेची अब्रू जात होती,
तरी हसलो,
आणि ते हसू प्रियोळच्या चढापर्यंत टिकलं.

चढावर सगुण मास्तरांचं घर.
अकरा दिवस पडद्याआडून उत्तर यायचं,
मास्तर घरी नाहीत,
मास्तरांच्याच आवाजात.

त्या दिवशी मी पायरीवर बसूनच राहिलो.
बराच वेळाने ते आले, शेजारी बसले.
मदतीसाठी म्हणून एक ॲप घ्यायला लावलं त्याने.
मग माझ्या फोनवर माझं बोट नसताना
सगळं आपोआप हलायला लागलं.
मी बघत होतो रे. चार लाख दहा हजार.

मास्तर, त्याच घटकेला एकोणीसशे तीस लावायचा,
पहिल्या तासात पैसे वाटेत अडवता येतात कधीकधी.
बँकेत सांगायचं, मला सांगायचं.

कुणाला सांगू?
सगळा गाव माझ्याकडे वजाबाकी शिकला.

मीही शिकलो होतो. हातचा घ्यायला विसरलो
म्हणून छडीही खाल्ली होती.
फोन मीच लावला.
मास्तरांनी एकेक आकडा सावकाश सांगितला,
शुद्धलेखन घालावं तसा,
पलीकडच्या मुलीला दोनदा विचारलं, लिहिलंस ना?
पैसे परत येतील की नाही, मला माहीत नाही.
त्यांनी दुसऱ्या दिवशी वीस रुपये दिले. पावती फाडली.

आता कुंडईच्या त्या निळ्या दारात
रोहिणीबाय मला आपादमस्तक बघते.
तू बँकेचाच कशावरून?
बावीस वर्षं, बाय.
त्या फोनवाल्याकडे माझं सगळं नावगाव होतं,
तुझ्याकडे काय आहे?
मी ओळखपत्र दाखवतो, पावतीपुस्तक, पिनसुद्धा.
थांब, शाखेत विचारते.
मी नंबर सांगायला लागतो तर हात वर करते,
तुझा नको. पासबुकावर छापलाय तो लावीन.

आणि चष्मा शोधायला आत जाते.
दुपारचं ऊन, पायरी तापलेली,
पुढे अजून सोळा घरं.
आत डबे वाजतात, कपाट उघडतं, बंद होतं.
शोध गे बाय. सावकाश शोध.
मी हा इथे उभा आहे.