सावलीची कड

टुना माशाचे रिकामे डबे, एकूण चोवीस,
ऑफेलिया ब्राकामोंतेने महिनाभर साठवले.
धुतले, घासले, तरी गाडीत वास राहिलाच.
पहाटे साडेतीनला,
टुसॉन शहर अजून पुरतं निवलेलं नसताना,
दंतवैद्याच्या दवाखान्यापुढच्या हिरवळीवर
ती डबे मांडते. चार पावलांवर एक.
रात्रपाळीचा पहारेकरी विचारतो, मांजरांसाठी का?
नाही, ती म्हणते, पाऊस मोजायचाय.
तो आभाळाकडे बघतो, मग तिच्याकडे.

फवारे पंधरा मिनिटं चालतात.
मग ती गुडघ्यांवर, टॉर्च दातांत,
शाळेची पट्टी डब्यात उभी करून वाचते:
तीन सुतं. तीन. एक.
सात, कारण इथला फवारा वाकलाय.
आणि कोपऱ्यातला डबा कोरडा ठणठणीत,
तळाशी एक मुंगी, वाट चुकलेली.

या एका कोपऱ्याच्या पिवळ्या गवतापायी
नऊ वर्षं ती सगळ्यांचीच वेळ वाढवत आली.
अजून पाच मिनिटं, अजून पाच.
बाकीचं गवत तुडुंब,
पाणी फुटपाथ ओलांडून रस्त्यावर,
आणि तो कोपरा तसाच, तोंड वासून.
तिथल्या तोटीत वाळूचा एक खडा होता.
एक. डाळीएवढा.

शनिवारी ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत वर्ग भरतो.
गोल्फ मैदानाचे दोघे, एक निवृत्त नर्स,
आणि शिकवायला व्हर्लन अँटोन,
तोहोनो ओओधाम, बोलणं ठिबक सिंचनासारखं:
एक थेंब, मग बराच वेळ काही नाही.
टेबलावर लांब स्क्रूड्रायव्हर ठेवून म्हणाले,
यंत्र एवढंच.
जमिनीत खुपसा. सहज जाईल तिथवर ओल.
अडेल तिथे तुमचं पाणी संपलं,
नाहीतर कलीचे लागला,
तो चुनखडीचा थर, कुणाच्या बापाचं न ऐकणारा.
आठ मिनिटं द्या. थांबा. तासाभराने परत आठ.
तुम्ही माती पाजत नाही, तिच्या घशात ओतता.

पाणी कुठे मुरतंय, असं लोक संशयाने विचारतात.
ऑफेलियाने वहीत उलट लिहिलं:
कुठे मुरत नाहीये?

घरी तिचे वडील, रेफुहिओ, एक्क्याऐंशी वर्षांचे,
रोज संध्याकाळी खुर्ची टाकून
संत्र्याच्या बुंध्यावर नळी धरून बसतात.
बुंध्याची साल काळी, मऊ पडलेली.
संत्री वरून छान, आतून चोथा.
बाबा, मुळं तिथे पीत नाहीत, ती म्हणाली,
भर दुपारी सावली पडते ना, तिच्या कडेला पितात.
तुझ्या जन्माआधीपासून पाणी घालतोय याला,
ते म्हणाले, आणि नळीचा जोर वाढवला.

ती वाद घालत बसली नाही.
बुंध्याशी स्क्रूड्रायव्हर खुपसला: मुठीपर्यंत गेला,
लोण्यात सुरी जावी तसा.
मग तो त्यांच्या हातात दिला
आणि सात पावलं दूर बोट दाखवलं.
ते कण्हत वाकले. टोचलं.
बोटभर.
पुन्हा टोचलं, सगळं वजन टाकून.
बोटभरच.
बराच वेळ तसेच वाकून राहिले,
कुणाची तरी नाडी सापडत नसल्यासारखे.

जेवताना अवाक्षर नाही.
रात्री कधीतरी खुर्ची फरफटल्याचा आवाज.

पुढच्या मंगळवारी, पहाटे चार,
बँकेच्या हिरवळीवर ती नवी तोटी बसवत होती,
चिखलाचे हात, तेवढ्यात फोन.
ती घाबरलीच. या वेळी फोन म्हणजे
काय काय मनात येतं.
पलीकडे धाप, नळाचा बारीक आवाज,
आणि मग, दबक्या सुरात,
झोपलेल्या कुणाला जाग येऊ नये असा:
नऊ इंच, मिहा.
आत्ताच बघितलं. नऊ.