सेकंदकाटा

कॉव्हेंट्रीत, बसस्टँडच्या मागच्या गल्लीत
ट्रेव्हर हॅडनच्या दुकानात
काउंटरवर निळं फडकं, फडक्यावर दोन घड्याळं.
पर्समध्ये वॉर्डानं वर्गणी काढून दिलेलं पाकीट,
एकशे तीस पौंड, त्यातले सात तर नाण्यांचेच.
वर बर्निसच्या अक्षरात:
फुलदाणी घेतलीस तर याद राख.

पहिलं पंच्याण्णवचं. सायीच्या रंगाची तबकडी,
किडकिडीत रोमन आकडे, निळा सेकंदकाटा.
बॅटरीवर चालतं, तीन वर्षं बघायला नको.
दुसरं एकशे पंचेचाळीस. बत्ताशाएवढं, चपटं.
रोज सकाळी चावी द्यायची.
आकडे नाहीत, नुसत्या रेघा,
आणि काटे दोनच.

आळीपाळीनं बांधून बघते.
डावं मनगट अवघडलंय,
अनोळखी घरात पहिल्या पंगतीला बसवल्यासारखं.
एकतीस वर्षं कोपराखाली काही नाही, नियमच होता.
ना बांगडी, ना कुमुदवन्संनी पाठवलेला दोरा.
घड्याळ छातीवर, पिनेला टांगलेलं,
जगाला उलटं, मला सुलट.

त्याचा सेकंदकाटा तांबडा होता.
पंधरा सेकंद, गुणिले चार.
बारा नंबरच्या मिसेस ऑग्डेन म्हणायच्या,
अगं, हात माझा धरलायस, माझ्याकडे बघ की.
मी ओठांत आकडे धरून
नुसती मान हलवायची.
आणि त्यांच्याकडे मोजण्यासारखं काही उरलं नाही
तेव्हाही त्याच्यावरच बघून लिहिलं:
चार वाजून सात मिनिटं.
तिथे सेकंद लिहायचे नसतात.

ट्रेव्हर पहिल्याची बाजू लावून धरतो.
काचेला ओरखडा पडत नाही, पावसात चालतं,
वर पैसे उरतात.
"आणि या दुसऱ्याला सेकंदच नाही.
चाललंय की थांबलंय, कळणार कसं?"

खरंच आहे.
नजर निळ्या काट्याच्या मागे लागलेली असते,
तीस, पस्तीस, चाळीस,
आणि ध्यानात येतं, माझ्या उजव्या हाताची दोन बोटं
माझ्याच मनगटावर, पट्ट्याखाली सरकलेली.
अठ्ठ्याहत्तर.
दुकानात उभ्या उभ्या!

काढून ठेवते ते.

दुसऱ्याला चावी देते.
शेवटी बोटाला घट्ट लागतं,
पोट भरलेल्या पोरानं तोंड फिरवावं तसं.
कानाशी धरते. चाललंय.
वरचे पंधरा पौंड माझे.
पट्टा सैल होतो म्हणून ट्रेव्हर
जिभेचं टोक बाहेर काढून
एक नवं भोक पाडून देतो, फुकट.

शुक्रवारी जेवणाच्या टेबलावर बर्निस मुद्दाम विचारेल,
सिस्टर, किती वाजले?
मी बाही मागे सारून म्हणेन,
सव्वाआठच्या आसपास.

आसपास.
हा शब्द
ड्यूटीवर मी कधी वापरला नाही.