एकच बंदर उघडं

रात्री सव्वा वाजता बोरा सुटला.
डोंगरावरून थेट समुद्रात उडी टाकणारा वारा;
त्रिएस्तच्या चढावर माणसं उडू नयेत म्हणून
पूर्वी भिंतींना दोर बांधत.
शिलाई मशिनच्या जुन्या दुकानामागे
मी मांडीवर कीबोर्ड घेऊन बसलोय,
आणि निवेस विचारते,
एजिदिओ, ह्या पेटीत नक्की काय राहणार?

पेटी म्हणजे सर्व्हर. पंच्याऐंशी युरोंना,
एका दंतवैद्याकडून.
तापला की अजून लवंगेचा वास येतो.

राहणार आहे एका घराचं दप्तर,
ज्या घराला पत्ता नाही.
कोण कुठल्या बसने आली, कुणाला किती टाके,
कुणाचं मूल कुठल्या नावाने शाळेत जातं.
आजवर हे परक्याच्या ढगात होतं. फुकट.
फुकटच्या भिंतींना कान असतातच.

एकतीस वर्षं क्रेनवर काढली मी.
बंदर म्हणजे काय, मला शिकवू नका.
ह्या पेटीला पासष्ट हजारांवर बंदरं,
आणि बंदर म्हटलं की आधी 'बंद' येतं.
सगळी लावून घेतली.
चारशे त्रेचाळीस उघडं.
ऐंशीवर नुसती पाटी: पलीकडून या.
माझ्यापुरती एक फट,
तिथे पासवर्ड चालत नाही.

नावं मात्र दोन घ्यावी लागली.
एक दारावरचं, दुसरं आतल्या खोलीचं,
की तिथे कागदातून काही वळवळत निघालंच
तर त्याचा हात दिवाणखान्यात पोचू नये.
दोन नावांचे पैसे? निवेस म्हणाली.
दोन नावांचे पैसे.

मग हेडर, एकेक.
स्क्रिप्ट घरचीच चालेल.
बाहेरचं चित्र नको.
दुसऱ्याच्या चौकटीत बसायचं नाही.
आणि पान पांढरंफटक!
एन्जिनएक्स चिडत नाही, नुसता ओळ सांगतो:
अठ्ठेचाळीस.
चूक असते सत्तेचाळीसमध्ये,
एक अर्धविराम, तासभर डोळ्यांत तेल घालून शोधलेला.

प्रमाणपत्र नव्वद दिवसांचं.
साठाव्या दिवशी आपोआप नवं.
माझ्या आठवणीवर मी काही टांगत नाही.

पहाटे निवेसला तेवढी एकच गोष्ट समजावली:
किल्ली पत्त्यातच असते, हॅशच्या खुणेपुढे,
आणि ब्राउझर तो तुकडा माझ्याकडे पाठवतच नाही.
बाई दाराशी येते ती मूठ मिटून.
मी दार उघडतो, मूठ नाही.
ती बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, म्हणजे तू आंधळा पहारेकरी.
मला ते आवडलं.

फेब्रुवारीत मिर्येता आली.
फोन त्याने घाटावरून पाण्यात फेकलेला,
आणि दुवा फक्त फोनमध्ये.
अकरा महिन्यांच्या नोंदी. कोर्टासाठी.
वकील ओंदिनाला तिने अजून दाखवल्या नव्हत्या.
पेटी तुझी आहे ना, म्हणाली, काढ.

मी तिला फाइल दाखवली.
दोनशे बारा केबी, जागच्या जागी, शाबूत.
आत अक्षरांचा नुसता भुगा.
आहे. पण उघडत नाही.
एवढं बोलून माझी जीभ कोरडी पडली.
मी स्वतःच्या हातांनी इतकं चोख काम केलं होतं
की माझी मलाच लाज वाटली.

तिने टेबलाची कड धरली.
त्यालाही उघडणार नाही?
नाही.
पोलिसातल्या त्याच्या भावाला?
नाही.
तुला?
मलाही.

बाहेर कुणाचं तरी झाकण
फरशीवर गडगडत उताराला लागलं.

नवं पान दे, ती म्हणाली.
ह्या वेळी किल्ली दोन ठिकाणी लिहून ठेवली:
एक ओंदिनाकडे, दुसरं ठिकाण
तिने मला सांगितलं नाही.
मग आठवून पहिली तारीख टाइप केली.
खोडली. परत केली.
मी पाठ करून, उगाचच,
पंख्यातली धूळ पुसत बसलो.