तीन नंबरची डिस्क

कुसराम सरांनी पिशवीतून काढल्या चार डिस्क,
कॅलेंडरच्या पानात गुंडाळलेल्या, एप्रिल महिना बाहेरून.
प्रत्येकीवर फळ्यावरचं अक्षर:
चारपैकी एक, चारपैकी दोन…
"घेतला त्याच रात्री बनवल्या जी.
पडद्यावर लिहून होतं, आत्ताच बनवा, मग पस्तावाल.
मी सूचना अख्खी वाचतो.
पोरांनाही जन्मभर तेच सांगितलं."

लाखांदूरच्या बाजारात माझं दुकान,
शेजारी दिवसभर खर्रा घोटण्याचा आवाज.
लॅपटॉपची जुनी हार्डडिस्क टकटक करत मेली होती.
नवी बसवली. कोरी,
परे लावायच्या आधीची बांधी जशी.

पहिली डिस्क गुरगुरली, गेली.
दुसरी मागितली, दिली.
तिसरीवर एकाहत्तर टक्के.
चहा आला. एकाहत्तर.
चहावर साय धरली. एकाहत्तर.
मग इंग्रजीत एक ओळ, जिचा अर्थ एवढाच
की झालं नाही, आणि का ते विचारू नका.

पुसली. मऊ फडक्यानं, मधून काठाकडे सरळ;
गोल पुसलं तर ओरखडा अक्षरांच्याच वाटेनं चालतो.
पुन्हा एकाहत्तर.
ट्यूबलाइटखाली धरली तर
काठाशी चमक उडालेली, पिवळट,
आणि मधल्या भोकाला गाठ मारलेला
सुताचा एक तुकडा.

"सर, ही कुठे होती?"
सर खर्रेवाल्याकडे बघत राहिले.
"फुलवंतानं टांगली होती जी, बांधीवर.
दोन हंगाम. पोपट लय येत होते.
तिले का मालूम आत कंपनीनं का भरलं.
चमकते म्हणून टांगली.
मले दिसली तवा बाकीच्या तीन लपवल्या."
"आणि पोपट?"
"नाही आले," सर म्हणाले, जरा अभिमानानंच.

रात्री दुकानाचं शटर अर्धं ओढून
जुन्या पीसीचा ड्राइव्ह जोडला.
नवे ड्राइव्ह घाईचे, नाही जमलं की थुंकून मोकळे.
हा म्हातारा एकेक ओळ बोट ठेवून वाचतो,
अडला की मागे जातो, पुन्हा तिथूनच.
वेग सगळ्यात कमी ठेवला.
वीज दोनदा गेली, इन्व्हर्टर कण्हला.
दोन उन्हाळे नाही, पण दोन दिवाळ्यांचं ऊन
आणि दव तिच्यात मुरलेलं;
त्याच्या खालून मी उकरत होतो
कारखान्यातला एक कोरडा दिवस.
चारच्या सुमारास शेवटचा तुकडा हाती आला.

नव्या डिस्कवर उतरवली, सावकाश.
तिसरी गेली! चौथीही गेली,
आणि अगदी दाराशी येऊन, चौऱ्याण्णववर,
तीच ओळ.

मी खुर्ची मागे घेतली.
आता डिस्कचा दोष नव्हता.
हिला पहिल्या दिवसाची आठवण सांगतोय
आणि अंगावर सगळं नंतरचं:
मीच गेल्या वर्षी घातलेली जास्तीची रॅम,
माऊसची ठिकरी, अंगठा घ्यायचं यंत्र.
उतरवलं एकेक.
कंपनीनं धाडली तेवढीच ठेवली,
आणि पुन्हा एकपासून.

सकाळी सर आले तेव्हा पडदा निळा होता, शांत.
आतला घड्याळाचा सेल कधीचाच संपलेला,
म्हणून तारीख जानेवारी दोन हजार नऊ.
सर चष्मा लावून बघत राहिले.
"तेव्हा माझी चौथी होती," म्हणाले. "एकवीस पोरं."
तारीख मी बदलली. त्यांनी हूं केलं नाही.

मग यंत्रानं नाव विचारलं.
एका बोटानं, हजेरीपटाच्या चालीवर:
कुसराम रामाजी डोमा.

पैसे मोजून झाले. नव्या चार डिस्क
कॅलेंडरच्या पानात परत गेल्या.
जुनी तीन नंबरची मी डब्यात टाकत होतो.
"राहू द्या जी, ते इकडे द्या," सर म्हणाले,
"धान दुधात आलं आहे."
सुताची गाठ त्यांनी ओढून पाहिली.
पक्की होती.