बरोबर

आमच्या गावात डोंगरसुद्धा कामावर जाऊन आलेला.
पाटीच्या दगडाचा काळा चुरा
घरांच्या मागे ढीग घालून बसलाय,
पेन्शनीत निघालेल्या माणसासारखा.
साडेपाचला व्हॅन येते, गठ्ठे फेकते, थांबत नाही.
मी दोरी कापतो.
बेटी असती तर एव्हाना चहा टाकला असता.

सहाला माब्ली येते.
वय तेरा. सप्टेंबरात चौदा, असं ती सांगते,
सप्टेंबर दारात बूट काढत असल्यासारखं.
कौन्सिलचा परवाना मी काउंटरमागे टाचून ठेवलाय,
खाली तिच्या आईची सही, घाईची.
केशरी थैली तिच्या गुडघ्याला लागते.
शनिवारी पुरवण्या असतात,
तेव्हा थैलीच तिला एका अंगाला वाकवून नेते.

लोक विचारतात.
लोक म्हणजे बेकरीतली ग्वेन्लियन:
"इद्वल, एवढंसं पोर, एवढासा पगार, काही वाटतं का?"
तिला मी नेहमीचंच ऐकवतो.
हाताला वळण लागतं, पैशाची किंमत कळते,
मीसुद्धा तेरा वर्षांचा होतो, याच चढावर,
तेही बर्फात.
बर्फ मी दरवर्षी थोडा वाढवतो.

खरं तर मला आठवतात ते कुत्रे.
आणि अठ्ठावीस नंबरच्या दारातली पत्रांची फट,
तिची स्प्रिंग बोटं धरून ठेवायची, सोडायची नाही.
पहिल्या पगाराची मी बॅटरी घेतली,
अंधारात घरांचे नंबर दिसावेत म्हणून.
घेतली याच दुकानातून.
म्हणजे मालकाचा पैसा मालकाच्याच गल्ल्यात,
वर मालकाच्याच कामाला.
हे उमगायला मला पन्नास वर्षं लागली,
आणि तोवर दुकान माझं झालं होतं.

परवा ती फेरी संपवून परत आली,
शाळेची वही गोळ्यांच्या बरणीशेजारी ठेवली.
"तपासून देता?"
अडतीस घरं. दोनशे बारा पायऱ्या.
रोज सत्तर मिनिटं, आठवड्याचे सहा दिवस.
चौदा पौंड.
भागाकार नीट मांडलेला, उत्तराखाली दोन रेघा:
तासाला दोन.
चेहऱ्यावर राग नव्हता.
गणिताच्या बाईंपुढे उभी राहत असेल, तशी उभी होती.

मी पेन्सिल घेतली, पुन्हा करून पाहिलं.
"बरोबर आहे," मी म्हणालो.
"बरोबर आहे?" तिने विचारलं.

रात्री मी माझं गणित मांडलं.
एका पेपरमागे हातात उरते ती चिल्लर.
गिऱ्हाईकं मरतात, त्यांची पोरं फोनवर वाचतात.
तासाला चार दिले तर मार्चपर्यंत फेरीच बंद,
मग तिचे चौदाही गेले.
हेही बरोबर.
दोन बरोबर उत्तरं समोरासमोर,
आणि मध्ये ती, ओल्या मोज्यांनी.

पैसे कशाला साठवतेस, असं एकदा विचारलं होतं.
"सांगणार नाही," म्हणाली.
मला बरं वाटलं.
माझ्याकडून निघून जाईल असं काहीतरी
तिच्याकडे जमतंय.

आज शनिवार. दुकानाला कुलूप लावलं,
पुरवण्या मी घेतल्या, पेपर तिने.
चौदाव्या घरापाशी मला दम लागला.
ती फाटक धरून उभी राहिली, काही बोलली नाही.
अठ्ठावीसची स्प्रिंग अजून तीच आहे.
"असा तिरका धरायचा," तिने दाखवलं,
"आधी कोपरा. मग बोटं आत जातच नाहीत."

पन्नास वर्षं.

सोमवारपासून तीन देणार आहे. चार नाही.
तिने मान हलवली, वहीत लिहून घेतलं,
रेघ मात्र एकच मारली.